भारतातला मोटारगाड्यांचा उद्योग आणि बाजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्याला गाड्यांच्या धंद्याबद्दल सतत विचारणा होते. कुणाला गाडी घ्यायची असते, कुणाच्या मुलाला आयटीआय करून कंपनीत लागायचं असतं, कुणी बातमी वाचून विचारतं की परदेशी कंपन्या इथून निघून का जातात. वरचेवर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माहिती २०२५ च्या अखेरीपर्यंतची आहे.

गाड्यांच्या बाजारात भारत जगात कितवा?

तिसरा. २०२२ मध्ये आपण जपानला मागे टाकलं. पुढे फक्त चीन आणि अमेरिका. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या आणि पावणेआठ लाखांच्या आसपास परदेशी रवाना झाल्या. त्याच वर्षी दुचाकी खपल्या सुमारे १ कोटी ९६ लाख.

तिसरा क्रमांक अभिमानाचाच आहे. पण त्याच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, असं दिसलं की देशातल्या जवळपास निम्म्या घरांत दुचाकी आहे आणि चारचाकी मात्र शंभरातल्या जेमतेम आठ घरांत. निम्मा देश मोटारसायकलपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. आपल्या मोटार उद्योगाचं काय चाललंय हे समजून घ्यायचं असेल, तर माझ्या मते या दोन आकड्यांमधल्या अंतरापासूनच सुरुवात करावी लागते.

मग वर्षाला ४३ लाख गाड्या घेतं कोण?

बऱ्याच अंशी ज्यांच्या दारात आधीच गाडी आहे तेच लोक. जुनी काढून मोठी घेणारे, किंवा घरात दुसरी आणणारे. म्हणूनच २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी ६५ टक्क्यांच्या आसपास एसयूव्ही आणि तत्सम मोठ्या गाड्या होत्या. अल्टो ही वर्षानुवर्षं देशात सर्वाधिक खपणारी गाडी होती. मारुतीने अल्टो ८०० हे मॉडेल २०२३ मध्ये बंद केलं. २०२४ या कॅलेंडर वर्षात पहिला नंबर टाटा पंचने पटकावला. लांबीला ती छोटीच, पण उंच आणि एसयूव्हीच्या थाटाची.

कंपन्यांना हे परवडतं. गाडीचा आकडा फारसा वाढला नाही तरी प्रत्येक गाडीमागे मिळणारे पैसे वाढतात. पण बाजार उंचीने वाढतोय, रुंदीने नाही. बायको आणि दोन मुलांना मोटारसायकलवर बसवून पावसाळ्यात हडपसरहून सासवडला जाणारा माणूस या वाढीत कुठेच नाही, आणि मला त्याची काळजी वाटते. रस्त्यावर सगळ्यात जास्त जीव त्याचाच धोक्यात असतो.

छोटी गाडी एवढी महाग कशी झाली? पाच-सात वर्षांपूर्वी तीन लाखांच्या आत मिळायची.

थोड्याच काळात खर्चाचे बरेच बोजे एकदम येऊन पडले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराबद्दलच्या सरकारी नियमांचा सहावा टप्पा, लागू झालं. सरकारने बीएस-५ वगळून थेट सहाव्या टप्प्यावर उडी घेतली, त्यामुळे इंजिन आणि एक्झॉस्टमध्ये मोठे बदल करावे लागले. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या झाल्या. २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. नंतर करोनाच्या काळात पोलाद आणि इतर कच्चा माल कडाडला, चिपांचा तुटवडा आला.

यातल्या बहुतेक गोष्टी योग्यच होत्या. स्वच्छ धूर आणि एअरबॅग यांना विरोध करण्यात काही अर्थ नाही. फक्त तीस-चाळीस हजारांच्या वाढीने पंधरा लाखांच्या गाडीचा गिऱ्हाईक हलत नाही, तीन लाखांच्या गाडीचा परत फिरतो. भार सगळ्यांवर सारखा पडला आणि मोडला तो सगळ्यात खालचा.

२०२५ मध्ये जीएसटी कमी झाला, त्याने फरक पडला का?

पडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक उपकर इथून थेट १८ टक्क्यांवर आला. मोठ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के, उपकर रद्द. त्यांचाही एकूण भार पूर्वीपेक्षा कमीच झाला. एस-प्रेसोची सुरुवातीची किंमत साडेतीन लाखांवर आली, अल्टो के१० पावणेचार लाखांच्या आत. त्या ऑक्टोबरमध्ये दसरा आणि दिवाळी दोन्ही आले आणि किरकोळ विक्रीने विक्रम केला.

सणाची गर्दी ओसरल्यावर पहिल्यांदा गाडी घेणारे किती टिकतात, ते बघायला हवं. करकपातीने हप्ता कमी होतो, पगार वाढत नाही.

चार मीटरच्या आतली गाडी, १२०० सीसी, हे सगळं कुठून आलं?

२००६ च्या अर्थसंकल्पातून. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर अबकारी कर २४ ऐवजी १६ टक्के, असा नियम झाला. उद्देश छोट्या गाडीला उत्तेजन देण्याचा. झालं असं की कंपन्यांनी सेडानची डिकी कापून ती चार मीटरच्या आत बसवली आणि पुढे एसयूव्हीसुद्धा त्याच मापात आणल्या. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट या सगळ्या ३९९५ मिलिमीटरच्या आसपास का थांबतात, त्याचं कारण हे आहे. जीएसटीच्या नव्या दरांतही हीच सीमारेषा कायम आहे.

परदेशी कंपन्यांना या मापाचा मोठा त्रास झाला. जगभर विकायची गाडी एकीकडे आणि केवळ भारतासाठी आखडलेली गाडी दुसरीकडे, असा दुहेरी खर्च त्यांच्या माथी आला.

एक्स-शोरूम आणि ऑन-रोड यांत एवढा फरक का?

महाराष्ट्रात एक्स-शोरूम आठ लाखांची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर आरटीओचा एकरकमी कर ११ टक्के, म्हणजे ८८ हजार. दहा ते वीस लाखांच्या गाडीला १२ टक्के, त्यावर १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. कंपनीच्या नावावर घेतली तर हाच कर २० टक्के. यात विमा, नोंदणी, फास्टॅग मिळवा. गाडी दहा लाखांच्या वर असेल तर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर; तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो.

कोटेशनमध्ये ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ नावाची ओळ दिसली तर ती काढून टाकायला सांगा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरचं कोटेशन दाखवलं की दर खाली येतो.

पूर्वी फक्त फियाट आणि ॲम्बॅसडर अशा दोनच गाड्या का दिसायच्या?

परवाना राज्यामुळे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे तिचीच पद्मिनी झाली. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स त्याआधी दोन वर्षांची, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा इथे ॲम्बॅसडर बनवणारी. किती गाड्या बनवायच्या, काय आयात करायचं, सगळं सरकार ठरवणार. खाजगी मोटार ही चैन मानली जात होती आणि परकीय चलनाची टंचाई होती. स्पर्धा नाही, त्यामुळे गाडी सुधारायचं कारणच नाही. बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबावं लागे.

तरी पद्मिनीला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. मुंबईतल्या किती घरांची चूल काळ्या-पिवळ्या पद्मिनीवर पेटली! तिचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीला थांबलं आणि ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरल्या. ॲम्बॅसडर २०१४ मध्ये बंद पडली.

मारुतीने नेमकं काय बदललं?

गाडीपेक्षा कारखाना बदलला. मारुती उद्योग ही १९८१ मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी. १९८२ मध्ये सुझुकी २६ टक्क्यांची भागीदार झाली आणि १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. साहेब आणि कामगार एकाच कँटीनमध्ये, एकाच गणवेशात, ही पद्धत तेव्हा नवलाची होती. सुट्या भागांचं देशीकरण टप्प्याटप्प्याने करायचं बंधन होतं, त्यामुळे मारुतीने पुरवठादार अक्षरशः हाताला धरून घडवले. आज जगभर जाणारे भारतीय सुटे भाग ही त्या कामाचीच पुढची पायरी.

१९९३ मध्ये मोटारी बनवण्यासाठी परवान्याची गरज राहिली नाही आणि मग देवू, ह्युंदाई, फोर्ड, होंडा असे सगळे आले. ह्युंदाईची सँट्रो आणि पुण्यात घडलेली टाटांची इंडिका दोन्ही १९९८ मधल्या. मारुतीचा वाटा कधीकाळी निम्म्याहून जास्त असायचा, आता ४० टक्क्यांच्या आसपास आहे. मागे ह्युंदाई, टाटा आणि महिंद्रा दाटीवाटीने उभे आहेत.

पुणे देशाची मोटार-राजधानी आहे हे खरं का?

प्रवासी गाड्यांच्या संख्येने नाही. गुरुग्राम, मानेसर आणि गुजरातेतलं हंसलपूर इथे मारुती, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला ह्युंदाई, ओरगडमला रेनॉचा (२०२५ पर्यंत रेनॉ-निसानचा) कारखाना, आंध्रात अनंतपूरजवळ किया. नुसत्या गाड्या मोजल्या तर हे पट्टे पुढे आहेत.

पण पुण्याइतकी विविधता दुसरीकडे नाही. पिंपरीत टाटांच्या मोटारी आणि ट्रक, आकुर्डी-चाकणला बजाज, चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, रांजणगावला फियाट-टाटांचा संयुक्त कारखाना, तळेगावला आता ह्युंदाई. शिवाय १९६६ पासूनची एआरएआय, जिथे देशातल्या गाड्या तपासून प्रमाणित होतात. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९६०च्या दशकात पुण्यात आली, तेव्हा तिची धुरा वाहणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी आधी टूलरूम आणि प्रशिक्षण विभाग उभा केला, ट्रक त्यानंतर. तिथे शिकून बाहेर पडलेल्या कित्येकांनी भोसरीत स्वतःच्या शेडा टाकल्या. सरकारी सवलती कुठलंही राज्य देऊ शकतं. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवणारे हात तयार व्हायला दोन पिढ्या जातात.

आणि छत्रपती संभाजीनगर विसरू नका. वाळूजला बजाज आणि पुरवठादारांचं जाळं, शेंद्र्याला स्कोडा, बिडकीनमध्ये टोयोटाच्या प्रकल्पासाठी २०२४ मध्ये राज्य सरकारशी करार झालाय.

गाडी कंपनीत ‘बनते’ म्हणजे नेमकं काय होतं?

मोठ्या कंपनीत साधारणपणे पत्र्याचं बॉडीवर्क, वेल्डिंग, पेंट, इंजिन आणि शेवटची जुळणी होते. बाकीचे हजारो भाग बाहेरून येतात. २०२४-२५ मध्ये देशातल्या सुटे भाग उद्योगाची उलाढाल ६ लाख ७३ हजार कोटी रुपयांच्या घरात होती आणि निर्यात जवळपास २३ अब्ज डॉलर. खरा उद्योग इथे आहे.

एक साधा भाग घ्या: दरवाज्याच्या बिजागरीखालचा पत्र्याचा ब्रॅकेट. भोसरीतल्या शेडमध्ये पोलादाची कॉइल येते. ती कापून ब्लँक, म्हणजे सपाट तुकडे, होतात, मग प्रेसवर एकामागून एक डायमधून जातात: एकीत आकार, दुसरीत भोकं, तिसरीत कडा वळवणं. कडेला राहिलेला धारदार कंगोरा, म्हणजे बर, घासून काढायचा, नट वेल्ड करायचा, मग प्रत्येक नग फिक्स्चरवर बसवून बघायचा. पिन भोकात सरकली तर पास, अडली तर लाल पेटीत. कोटिंग होऊन आलेला माल ठरलेल्या बिनमध्ये, ठरलेल्या संख्येने, ठरलेल्या वेळेला गाडीत चढतो, कारण पुढे कंपनीत साठवायला जागाच ठेवलेली नसते. खराब मालाचा हिशेब दहा लाख नगांमागे किती, असा होतो. एखाद्या ब्रॅकेटवर बर राहून लाइन थांबली तर डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची रक्कम बिलातून कापल्याची चिठ्ठी, येते आणि महिन्याभराचा नफा त्यात जातो.

नगामागचा नफा पैशांत मोजायचा, दरवर्षी कंपनी दर कमी करून मागणार, आणि पैसे मात्र उशिराने. ही तक्रार भोसरीपासून कोल्हापूरपर्यंत प्रत्येक शेडमध्ये ऐकू येते आणि ती खरी आहे. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकरातल्या ४३ बी (एच) या तरतुदीमुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं कायद्यातल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिलं नाही तर त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. यामुळे काही ठिकाणी पैसे वेळेवर येऊ लागले. काही ठिकाणी उलट मोठ्या पुरवठादाराकडे ऑर्डर वळल्या.

नॅनो का फसली?

तंत्राने फसली नाही. जानेवारी २००८ मध्ये रतन टाटांनी ती दिल्लीत दाखवली तेव्हा सगळं जग बघत होतं. कारखान्याच्या जमिनीवरून पश्चिम बंगालमध्ये सिंगूरला झालेलं आंदोलन, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथून माघार, गुजरातेत साणंदला नवा कारखाना, यात वेळ गेला आणि उत्साह थंडावला. काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्यांनी धसका बसला. पण मुख्य घोळ ‘सगळ्यात स्वस्त गाडी’ या ओळखीचा; रतन टाटांनीही पुढे ते मान्य केलं. आयुष्यातली पहिली गाडी घेणारा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर ‘सगळ्यात स्वस्त’ नाव मिरवायला तयार नसतो. त्या पैशात तो जुनी अल्टो घेतो.

२०१८ मध्ये उत्पादन थांबलं. स्कूटरवरचं कुटुंब छपराखाली आणण्याचा विचार मात्र आजही तितकाच रास्त आहे, आणि तो पुढे नेणारं तूर्त कुणी दिसत नाही, याचं वाईट वाटतं.

जनरल मोटर्स, फोर्ड निघून का गेल्या? इथे धंदा होत नाही का?

होतो, ज्यांनी इथला गिऱ्हाईक ओळखला त्यांचा. किया २०१९ मध्ये आली आणि जम बसवला. ह्युंदाईच्या भारतीय कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये २७ हजार ८७० कोटींचा आयपीओ आणला, तोवरचा देशातला सगळ्यात मोठा. फोर्डने २०२१ मध्ये जाताना सांगितलं की दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. नवी मॉडेलं उशिरा, सुट्या भागांची किंमत जास्त, सर्व्हिस सेंटर थोडी, आणि निर्णय सातासमुद्रापार. गिऱ्हाईक गाडी विकत घेताना ती पाच वर्षांनी कितीला जाईल याचा हिशेब करतो. कंपनी जाणार अशी कुणकुण लागली की तो हिशेबच कोलमडतो.

तळेगावची गोष्ट आमच्या भागात जिवाला लागलेली आहे. जनरल मोटर्सने २०१७ अखेर देशातली विक्री थांबवली, निर्यातीसाठी तळेगावचा कारखाना चालू ठेवला आणि डिसेंबर २०२० मध्ये तोही बंद केला. ग्रेट वॉल ही चिनी मोटार कंपनी तो घेणार होती, मंजुरी मिळाली नाही. २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला आणि २०२५ मध्ये नवी व्हेन्यू तिथून बाहेर पडली. कारखाना वाचला. पण मधल्या काळात हजाराहून जास्त कामगारांची नोकरी गेली आणि त्यांचा लढा कोर्टात आणि रस्त्यावर वर्षानुवर्षं चालला. चाळिशीत घराचे हप्ते डोक्यावर असताना काम गेलेल्या माणसाला त्या नव्या व्हेन्यूचं कौतुक कसं वाटावं?

आयटीआय करून मुलाला कंपनीत कायम नोकरी मिळेल का?

मिळेल असं धरून चालू नका. काम भरपूर आहे, कायम काम कमी आहे. लाइनवरचे बरेच जण ॲप्रेंटिस, ट्रेनी किंवा कंत्राटी असतात. काही महिन्यांनी ब्रेक, मग दुसऱ्या कंपनीत पुन्हा पहिल्यापासून. तेच काम करणाऱ्या कायम कामगाराचा पगार कितीतरी जास्त असतो. जुलै २०१२ मध्ये मारुतीच्या मानेसर कारखान्यात हिंसाचार झाला, एका अधिकाऱ्याचा जीव गेला. त्याआधी वर्षभर तिथे जो असंतोष धुमसत होता त्यात कंत्राटी कामगारांचा प्रश्न अग्रभागी होता. तो प्रश्न सुटलेला नाही.

मुलाला सल्ला द्यायचा तर टूल अँड डाय मेकर, सीएनसी, रोबो वेल्डिंगची देखभाल, इलेक्ट्रिकल कंट्रोल यांपैकी काही नीट शिकू द्या. नुसता हेल्पर म्हणून लाइनवर उभा राहिला तर दहा वर्षांनी हातात काहीच राहत नाही.

भारतीय गाड्या सुरक्षित आहेत का?

पूर्वीपेक्षा खूप. २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने अल्टो ८००, आय१०, फिगो, पोलो आणि नॅनो यांची धडक चाचणी घेतली, त्यात प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेला पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनने पाच तारे मिळवले आणि हवा पालटली. लोक शोरूममध्ये तारे विचारू लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिझायरलाही पाच मिळाले, मारुतीच्या गाडीला पहिल्यांदाच. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप आहे. ती ऐच्छिक आहे. माझ्या मते सक्तीची असायला हवी.

तारे मिळाले की काम संपत नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा गाडी मर्सिडीज होती. मागच्या सीटवर पट्टा लावलेला नव्हता. देशात २०२३ मध्ये १ लाख ७२ हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली. मागे बसलेल्या आजीलाही पट्टा लावा, ती कितीही नको म्हणाली तरी.

आता इलेक्ट्रिकच घ्यावी का?

रोजचं फिरणं ठरलेलं असेल आणि पार्किंगमध्ये स्वतःचा चार्जर बसत असेल तर जरूर विचार करा. जीएसटी पाच टक्केच आहे, महाराष्ट्रात रस्ता कराची सवलत आहे, राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर टोलमाफी आहे. सोसायटी चार्जरला परवानगी देत नसेल तर आधी तो तंटा मिटवा, मग बुकिंग करा. २०२४-२५ मध्ये इलेक्ट्रिक प्रवासी गाड्या लाखभर विकल्या गेल्या, म्हणजे शंभरातल्या अडीच.

उद्योगाच्या बाजूने हा प्रश्न जास्त खोल आहे. इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही, इंधनाचा पंप नाही, गिअरबॉक्स जवळपास नाहीच. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये इंजिनाची कास्टिंगं ओतली जातात. नाशिकला डिझेल इंजेक्शनचं काम चालतं. पुण्यात क्रँकशाफ्ट घडतात. त्यांच्या जागी येणारे बॅटरीचे सेल आणि मोटरचे चुंबक आपण बहुतांशी बाहेरून, मुख्यतः चीनमधून आणतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर निर्बंध घातले तेव्हा अख्ख्या उद्योगाचा जीव टांगणीला लागला होता. महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्या चाकणला बनतात, मारुतीची ई-विटारा ऑगस्ट २०२५ पासून गुजरातेतून युरोपात जाऊ लागली, हे चांगलंच. पण सेल इथे बनेपर्यंत गाडीतला सगळ्यात महाग भाग परकाच राहणार. ट्रॅक्टर, ट्रक आणि निर्यातीच्या जोरावर फाउंड्र्यांना अजून वेळ आहे. तो वेळ नुसता दरांची घासाघीस करण्यात घालवू नये.

आणि सीएनजी, डिझेल, ई-२०?

सीएनजीने २०२४-२५ मध्ये प्रवासी गाड्यांत डिझेलला मागे टाकलं. पंपावर रांग लावायची तयारी असेल तर खिशाला तोच सगळ्यात हलका. डिझेल आता मोठ्या एसयूव्ही आणि लांब पल्ल्यापुरतं उरलंय.

ई-२० म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळजवळ एकतृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटणारच. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबरी आणि धातूचे भाग या पेट्रोलला धरून आहेत. जुन्या गाडीचे पाइप आणि सील सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्या. आपल्या साखर कारखान्यांना यातून पैसा मिळतो ही मोठी गोष्ट आहे, पण गाडीवाल्याला ॲव्हरेजचा तोटा आणि दरात काहीच सूट नाही, हे पटत नाही.

टेस्ला आली, म्हणजे आता परदेशी गाड्या स्वस्त होणार?

नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला शोरूम उघडलं, पण गाडी आयात होऊन येते आणि किंमत साठ लाखांच्या आसपास पडते. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये झालेल्या व्यापार करारात ठरावीक संख्येपुरतं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर येणार आहे. त्याचा लाभ मुख्यतः महागड्या गाड्यांना.

बातमीत विक्रीचा विक्रम, आणि शोरूममध्ये लाखाची सूट. हे कसं?

कंपन्या जो महिन्याचा आकडा जाहीर करतात तो बहुतेक वेळा डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचा असतो. गिऱ्हाइकाने नेलेल्या गाड्यांचा आकडा वाहन नोंदणीवरून कळतो, तो डीलरांची संघटना ‘फाडा’ देते. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर या दोन्हींत मोठी फट पडली. त्या ऑगस्टमध्ये डीलरांकडे ७० ते ७५ दिवस पुरेल इतका, सुमारे ७८ हजार कोटींचा माल पडून होता. त्या मालावरचं बँकेचं व्याज डीलर भरतो, म्हणून तो सूट देतो.

गिऱ्हाईक म्हणून यातून एकच गोष्ट उचला: गाडी कधी बनली ते पैसे भरण्याआधी विचारा. उत्पादनाचा महिना आणि वर्ष फॉर्म २१ वर, म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर येतं, पण तो कागद हातात पडतो तेव्हा उशीर झालेला असतो. चॅसी नंबर आधी मागून घ्या, त्यावरून गाडी कधी बनली ते काढता येतं. जानेवारीत मागच्या वर्षीची गाडी घेत असाल तर सूट वाजवून घ्या, कारण विकताना ती एक वर्ष जुनीच धरली जाईल. आणि यार्डात पावसाळा काढलेल्या गाडीचे टायर, बॅटरी आणि दरवाज्याखालच्या कडा दिवसाउजेडी बघा, रात्री शोरूमच्या दिव्याखाली नको.

बजेट चार लाख आहे. नवी छोटी की जुनी मोठी?

घरात पहिल्यांदाच गाडी येत असेल आणि वापर गावातल्या गावात असेल तर नवी छोटी. वॉरंटी असते, हप्त्याचा व्याजदर कमी असतो. पाच माणसं घेऊन वारंवार घाट चढायचा असेल तर चार-पाच वर्षांची, एकाच मालकाची, अधिकृत सेंटरला सर्व्हिस झालेली पेट्रोल हॅचबॅक बघा. आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाची नोंद, उतरलंय का, बँकेची एनओसी आहे का, विम्यात मोठा क्लेम झालाय का, एवढं तपासा आणि ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर न्या. व्यक्तीकडून व्यक्तीने घेतलेल्या गाडीवर जीएसटी लागत नाही. नोंदणीकृत डीलरकडून घेतली तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के लागतो आणि तो किमतीत आलेला असतो. नाव ट्रान्सफर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.